डावऱ्याची प्रेस

पिरंगुटला मी ज्या कारखान्यात लागलो तो म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. आत चार पॉवर प्रेस. पितळेचे छोटे तुकडे प्रेसखाली ठेवायचे, पायानं पायडल दाबायचं, वरून पंच खाली यायचा आणि तुकड्याला आकार मिळायचा. दिवसभर एवढंच काम. यातली तीन नंबरची प्रेस कोपऱ्यात होती. तिची उजवी बाजू भिंतीला अशी खेटलेली की मालाचा डबा डावीकडंच ठेवावा लागे आणि तुकडाही डाव्या हातानंच आत सरकवावा लागे. त्या प्रेसवर कुणी टिकत नव्हतं.

सुपरवायझरनं मला रजिस्टरात नाव लिहायला सांगितलं. मी पेन डाव्या हातात घेतलं आणि लगेच उजव्यात बदललं. त्यानं ते पाहिलं.

"डावरा हायेस का?"

"व्हय."

"मग झालं काम. तीन नंबरवर बस."

डाव्या हातामुळं मला काही मिळालं असं तोवर एकदाही घडलं नव्हतं. गावच्या शाळेत गुरुजींनी पहिली ते तिसरी माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर पट्टी मारून मला उजव्या हातानं लिहायला लावलं. भात कापणीला मला ओळीच्या टोकाला उभं करायचे, कारण मधे राहिलो की माझा विळा शेजारणीच्या हातावर यायचा. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी शिकायला बसलो, तर मी ढोलकी उलटी धरतो म्हणून लोक हसत बसले आणि गाणं राहिलं बाजूला. तेव्हापासून वाद्याला हात लावला नव्हता. कारखान्यात लागलो ती ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन.

दोन नंबरच्या प्रेसवर जो बसायचा त्याला सगळे भाई म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. पौडच्या बाजारपेठेत त्याच्या वडलांचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानात थोरला भाऊ बसायचा, हा कामाला पिरंगुटला यायचा. वय पस्तिशीचं. बोलायला मऊ, अंगानं बारीक. शनिवारी सुट्टी झाली की घरी न जाता उलट्या बाजूला, पुण्याकडं जाणारी बस पकडायचा. तिथल्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. लग्नाच्या स्वागत समारंभात, गणपतीत, कुठं गॅदरिंगला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारा दाबून दाबून अशी घट्ट झालेली की तो ती पत्र्यावर वाजवून दाखवायचा. टकटक आवाज यायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी पेरू कापत होतो. चाकू डाव्या हातात, पेरू उजव्यात फिरवत होतो. तो बघत राहिला.

"तुला दोनी हातानं जमतंय सगळं."

"लिवतो उजव्यानं. बाकी डाव्यानं."

"मग तुझा उजवा हात शिकलेला हाय, अन् डाव्यात ताल हाय. गिटारला येवढंच लागतं. फकस्त तारा उलट्या लावाय लागतील."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण पुढच्या सोमवारी तो खरंच एक जुनी गिटार घेऊन आला. पाठीला चीर गेलेली, ऑर्केस्ट्रावाल्यांनी टाकून दिलेली. तारा उलट्या लावायच्या म्हणजे नुसती जाड तार बारकीच्या जागी लावून भागत नाही. दांडीच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्यात प्रत्येक तारेच्या जाडीची खाच असते. ती खाचच लहान पडते. भाईनं टूलरूममधून बारीक कानस आणली आणि तीन दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून त्या खाचा मोठ्या केल्या. बारक्या तारांच्या बाजूला खाचा आता ढिल्या झाल्या, तिथं त्यानं पितळेचा कीस आणि डिंक भरला. मी नुसता हातात डबा धरून उभा होतो. माझ्या डाव्या हातासाठी कुणी एखादी वस्तू बदलतंय हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

शिकणं सोपं गेलं. त्याचं कारण मला पुढं समजलं. आम्ही शेडच्या मागं भंगाराच्या ढिगाजवळ दोन डब्यांवर समोरासमोर बसायचो, गुडघ्याला गुडघा लावून. तो उजवा, मी डावा. त्याची दांडी ज्या बाजूला, समोरून माझीही त्याच बाजूला. आरशात बघावं तसं. तो बोट उचलायचा, मी समोरचं बोट उचलायचो. त्याला समजावून सांगावं लागायचं नाही. तारा छेडायची नखी त्यानं मला प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापून दिली.

तरी पहिले दोन महिने वाईट गेले. उजव्या हाताची बोटं सोलली. रात्री भाकरीचा तुकडा मोडताना कालवण लागलं की आग व्हायची. आई म्हणायची, "कारखान्यात हातमोजं देत न्हाईत का?" मी नाही म्हणून सांगायचो, ते खरंही होतं. एफ नावाची एक कॉर्ड, म्हणजे सुरांची जोडणी, असते. तिच्यात एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतात. ती जमेना. भाई म्हणाला, "येवढ्यावरच निम्मी माणसं सोडून देत्यात. तू नगं सोडू." सहाव्या महिन्यात ती वाजली, सगळ्या तारा स्वच्छ. त्या दिवशी त्यानं मला पौडला घरी नेलं आणि बायकोला सांगितलं, "ह्यो वाजवतो आता."

मी तिला भाभी म्हणायचो. ती कमी बोलायची. त्यांना एक मुलगी होती, दुसरीत जाणारी. भाभीला नवऱ्याचं ऑर्केस्ट्रात जाणं आवडत नव्हतं. सासरेही बोलायचे. आठवडाभर प्रेसवर राबून शनिवार-रविवार बाहेर, घरात माणूस दिसतच नाही, असं तिचं म्हणणं. भाईलाही ते पटू लागलं होतं. एक दिवस तो मला म्हणाला, "मी ऑर्केस्ट्रा सोडणार हाय. माझ्या जागेवर तुला घ्या म्हणून मालकाला सांगितलंय. बुधवारी दुपारी बोलावलंय तुला, वाजवून दाखवायला."

बुधवारी पहिली पाळी होती. रजा मिळणार नव्हती, कारण माल पाठवायची घाई चालली होती आणि तीन नंबरवर दुसरं कुणी बसायला तयार नसे.

"मी सांगतो सायबाला," भाई म्हणाला. "तुझ्या पोटात दुखतंय म्हणून सांगतो. तू जा."

मी गेलो. त्याची चांगली गिटार मला चालणार नव्हती, म्हणून ती चीर गेलेलीच पोत्यात गुंडाळून नेली. ऑर्केस्ट्राचा मालक एका दुकानाच्या माळ्यावर तालमी घ्यायचा. मी गिटार धरली तशी तिथली पोरं हसली. मालकही म्हणाला, "अरे, स्टेजवर बेस गिटारवाल्याच्या दांडीवर तुझी दांडी आपटेल." मी वाजवायला लागलो. त्यांनी गाणी सांगितली, मी साथ धरली. अर्ध्या तासानं मालक म्हणाला, "बेसवाल्याला दुसऱ्या बाजूला उभा करू. शनिवारी ये."

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती तरी मी उभाच राहिलो. पिरंगुटला उतरलो. पाळी सुटायला थोडा वेळ होता, भाईला गेटवरच गाठावं असा विचार. गेटवर वॉचमन माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझं पोट बरं हाय व्हय आता?" आणि मग म्हणाला, "भाईला पुण्याला नेलाय. बोटं गेली त्याची."

मी आत पळालो. तीन नंबरची प्रेस चालू होती. दुसऱ्या पाळीतल्या एकाला लवकर बोलावून तिच्यावर बसवला होता. खाली लाकडाचा भुसा टाकलेला. तो माणूस चिमट्यानं एकेक तुकडा आत ठेवत होता, सावकाश. चिमटे सगळ्यांनाच दिलेले असायचे, पण त्यानं माल निघत नाही म्हणून कुणी वापरत नसे.

झालं होतं असं. भाईनं सकाळी माझ्या पोटाचं सांगितलं. सुपरवायझर चिडला आणि म्हणाला, "मग तूच बस त्याच्या मशीनवर." भाई बसला. दुपारपर्यंत जमवलं त्यानं. पण नऊ-दहा वर्षं त्याच्या पायाला उजव्या हाताची सवय होती. उजवा हात बाहेर आला की पाय दाबायचा. त्या दिवशी उजवा हात नुसताच मागं गेला, पाय दाबला गेला, आणि डावा हात आतच होता. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेलो. त्याआधी धीर झाला नाही. त्याचा हात पांढऱ्या गोळ्यासारखा बांधलेला, उशीवर ठेवलेला. मला बघून त्यानं पहिलं विचारलं ते, "घेतलं का?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मग शनिवारी गेलास का? आज रविवार हाय."

मी गेलो नव्हतो. त्यानं मला पुढच्या शनिवारी जायला लावलं. तसं वचनच घेतलं. त्या पोटदुखीबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. कारखान्यानं कागदावर लिहिलं की कामगारानं निष्काळजीपणा केला. खाली मी साक्षीदार म्हणून सही करावी असं सुपरवायझरला वाटत होतं, कारण मशीन माझं. मी सही केली नाही, पण मी रजेवर का होतो हेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि खोटं बोलला म्हणून भाईचंही भरपाईचं जे मिळायचं ते अडकलं असतं. असं मी स्वतःला सांगत होतो. आजही ते खरं की सोयीचं, हे मला ठरवता येत नाही.

दवाखान्यातून तो घरी आल्यावर मी पौडला गेलो. भाई आत झोपला होता. भाभीनं मला ओट्यावर चहा दिला आणि उभी राहिली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या पोटात खरंच दुखत होतं?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. तिला हे माहीत होतं असं मला वाटलं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. "चहा घ्या, गार होईल," म्हणाली आणि आत गेली. तिनं मला घरी यायला कधी मना केलं नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलताना माझ्याकडं न बघता बोलायची.

चार-पाच महिन्यांनी भाई कामावर आला. त्याला गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं. खुर्ची, काठी आणि वही. मी आत तीन नंबरवरच होतो. जाता-येता तो हात वर करायचा, उजवा. डावा खिशात.

एका रविवारी मी त्याच्याकडं बसलो होतो. तो म्हणाला, "आता मीबी डावराच झालो. तारा दाबायला उजवा हात हाय. खाली अंगठ्यानं छेडता येईल. तू शिकव मला."

त्याच्या आवाजात इतका उत्साह होता की मला आनंदच झाला. मी माझी गिटार त्याच्याकडं ठेवली. ऑर्केस्ट्राच्या मालकानं मला तोवर दुसरी घेऊन दिली होती. दर रविवारी कार्यक्रम नसला की मी पौडला जायचो. आम्ही समोरासमोर बसायचो आणि तिथंच पहिली अडचण आली. आता दोघंही डावे. समोर बसलं की सगळं उलटं दिसायचं. तो माझ्या बोटांकडं बघून बोट उचलायचा ते भलतंच. मग शेजारी शेजारी बसून बघितलं, तर त्याला मान वाकडी करून बघावं लागे. शेवटी भाभीचा भिंतीवरचा आरसा काढून समोर उभा केला. आरशात त्याला माझी गिटार उजव्या माणसानं धरल्यासारखी दिसायची, आणि त्याचं डोकं लगेच जुन्या सवयीवर जायचं. डाव्या हाताची नसलेली बोटं हलवायचा. मला ते दिसायचं. मनगटाच्या शिरा ताणल्या जायच्या, बोटं असल्यासारख्या.

उजवा हात त्याचं ऐकत नव्हता. वीस वर्षं त्या हातानं फक्त नखी धरलेली. चार बोटं चार ठिकाणी जातच नव्हती, एक उचललं की शेजारचं बरोबर उठायचं. आणि कानाला सगळं कळायचं, हे जास्त वाईट होतं. नवशिक्याला आपलं चुकतंय हे नीट ऐकूच येत नाही, म्हणून तो शिकतो. भाईला नीट न दाबल्यामुळं मेलेली प्रत्येक तार ऐकू यायची. वाजवायच्या आधीच त्याचा चेहरा पडलेला असायचा.

"तुझा हात कसा शिकला?" तो मला विचारायचा. "नीट सांग. पहिलं काय केलंस?"

मला सांगता येईना. माझा उजवा हात गिटारच्या आधीच शिकला होता. ते त्याला ठाऊक होतं. एका रविवारी बराच वेळ झगडून झाल्यावर तो उठला आणि मुलीच्या दप्तरातली लाकडी पट्टी घेऊन आला. माझ्या हातात दिली.

"तुझ्या गुरुजीनं जसा शिकवला तसा शिकव. चुकलं की मार."

"भाई, काय बोलतुयास!"

"मार म्हणतोय ना. तुला जमलं ते त्यानंच जमलं. आईशप्पथ सांगतो, मी कायबी म्हणणार न्हाई."

मी नको नको म्हणत होतो. तो वाजवायला लागला, चुकला, आणि हात तसाच पुढं धरून थांबला. मी हलकेच मारली. "अशी न्हाई," तो म्हणाला. दुसऱ्यांदा चुकला, मी जरा जोरात मारली. मग पुन्हा. पुढं मी मोजलं नाही. त्याच्या पेरांवर लाल वळ उठले होते आणि तो वाजवत होता, घाईघाईनं, आधीपेक्षा वाईट. माझ्या हाताला मारायची एक लय लागली होती, हे मला आज लिहितानाही लाज वाटते. मी डाव्या हातानं मारत होतो.

भाभी चुलीपाशी होती. ती उठून दारात आली तेव्हा मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. भाभीनं माझ्या हातातली पट्टी घेतली, मुलीच्या दप्तरात ठेवली आणि दप्तर खुंटीला अडकवलं. मग नवऱ्यासमोर बसून त्याच्या मांडीवरची गिटार उचलली. त्यानंही ती सोडली. "तोंड धुवा," ती त्याला म्हणाली. "जेवायला वाढते." माझ्यासाठीही तिनं ताट वाढलं. आम्ही सगळेच जेवलो.

निघताना भाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. एसटी येईतो दोघं उभे होतो. तो म्हणाला, "आता नगं येऊ रविवारचा." मी बरं म्हणालो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो डावा होता, आणि मी अंग चोरलं. मुद्दाम नाही, आपोआप झालं. त्यानं हात काढून घेतला. गाडी आली.

ऑर्केस्ट्रात मी चार वर्षं वाजवलं. वाईट वाजवत नव्हतो. लोक डावरा गिटारवाला म्हणून बोट दाखवायचे, फोटोग्राफर मुद्दाम माझ्या बाजूनं फोटो काढायचे. मला स्टेजवर कधी मोकळं वाटलं नाही. वाजवताना चुकलो तर बरं वाटायचं, असं काहीसं होतं. मग कॅसेटवर आणि कीबोर्डवर सगळं भागू लागलं, वादक कमी झाले. मला थांबवलं तेव्हा मी फारसा भांडलो नाही. तीन नंबरच्या प्रेसला तोवर हात आत जाऊ नये म्हणून जाळी बसवली होती. ती दोन महिन्यांत कुणीतरी काढून टाकली, कारण माल निघत नव्हता.

गेटवर भाईशी रोज बोलणं व्हायचं. पावसाचं, गाडीचं, साहेबाच्या नव्या स्कूटरचं. गाण्याचं नाही. कधी कुठं लाउडस्पीकर लागला की तो ऐकताना डोळे बारीक करायचा आणि एकदम म्हणायचा, "बेस उतरलाय." तेवढंच.

मग एका वर्षी भाभीच्या भावानं त्यांना आपल्याकडं बोलावलं. त्याचं दूरच्या एका तालुक्याच्या गावी दुकान होतं, बसून हिशोब बघायला माणूस हवा होता. भाईनं नोकरी सोडली. सामान हलवायच्या दिवशी सकाळी मी मदतीला गेलो. कपाट, दोन ट्रंका, भांड्यांची पोती, शिलाई मशीन. गिटार कुठं दिसली नाही, त्याची नाही आणि मी ठेवलेलीही नाही.

टेंपो भरून झाला. भाभी आणि मुलगी पुढं बसल्या. मुलगी आता मोठी दिसत होती, तिनं मला ओळखलं की नाही कळलं नाही. भाई मागं सामानात चढायला लागला. एका हातानं दोर धरून त्याला वर येता येईना. मी खालून आधार दिला. वर पोचल्यावर तो ट्रंकेवर टेकला, दम खात होता.

"पोचल्यावर कार्ड टाक," मी म्हणालो.

"टाकतो," तो म्हणाला. "तू जा आता. उशीर होईल तुला."

दुसरी पाळी होती. मी चालत स्टँडवर आलो आणि पिरंगुटची गाडी धरली.